ज्याचे पार्सल बॅगेत नव्हते

ती घटना आठवली की आजही माझे डोके तापते. राग खुन्याचा कमी, बाकीच्यांचा जास्त.

महाराष्ट्र पोलिसांतून निरीक्षक म्हणून मी लवकर निवृत्ती घेतली आणि बहरीनला एका कंपनीत सुरक्षा अधिकारी झालो. घर बुसैतीनला, काम सित्राला. तिथल्या आवारात एका सकाळी आमचा कोकणातला ड्रायव्हर पाइपांच्या थप्पीमागे मृत सापडला. डोक्यावर लोखंडी वस्तूचा घाव. त्याच संध्याकाळी तो सुट्टीवर घरी निघणार होता.

तपास अर्थातच बहरीनच्या पोलिसांचा. मराठी जबाबांसाठी दुभाषा म्हणून मला बोलावले. तपास अधिकारी माझ्या मुलाच्या वयाचा. गाडी आणि प्रश्न दोन्ही सुसाट सोडणारा. मला एकेक ओळ तपासून पुढे जायची सवय. "यल्ला, चलो बाबा," तो मोडक्या हिंदीत म्हणायचा, "आप लिखते रहो, खूनी बूढा हो जाएगा."

खबर दिली फोरमनने. तो मृताच्याच गावचा, घराला घर लागून. "साहेब, त्या अण्णाचं आणि ह्याचं काल भांडण झालं. आख्ख्या खोलीनं ऐकलंय." अण्णा म्हणजे ड्रायव्हर राहायचा त्या कामगारांच्या खोलीतला एकमेव तमिळ, वेल्डर. खोलीतल्या मराठी माणसांनी एकामागून एक तोच जबाब दिला, शब्दही तेच. इतके सारखे जबाब खरे नसतात, असे मी अधिकाऱ्याला सांगितले. त्याने ऐकून न ऐकल्यासारखे केले. वेल्डर कोठडीत गेला. इथे खुनाला मृत्युदंड होऊ शकतो.

"झगडा एसी का था, साब," वेल्डर मला म्हणाला. "उसकी बेटी के लिए मैंने गुडिया दिया. बैग देखो."

बॅग उघडली. बाहुली होती. शिवाय बरीच पुडकी, चिकटपट्टीने गच्च बांधलेली, वर मार्करने वेगवेगळी नावे. अधिकारी चक्रावला. "दूसरे का सामान? चोर था?"

मी समजावले. सुट्टीवर कोणी निघाला की प्रत्येक जण त्याच्याकडे आपल्या घरासाठी काहीतरी देतोच. बाम, खजूर, साबण, मुलांची चॉकलेटे. जाणाऱ्याने नाही म्हणायचे नसते.

"सब देते हैं?"

"सब."

"तो किसने नहीं दिया?"

मी पुडकी पुन्हा एकेक करून पाहिली. फोरमनचे नव्हते.

त्याला बोलावले. "आईला काही पाठवलं नाहीस?"

"विसरलो, साहेब."

"मागच्या खेपेला सांगलीच्या माणसाबरोबरसुद्धा पाठवलंस. हा तर दारातला."

"त्याची बॅग भरली होती."

बॅग मी आधीच काट्याला लावली होती. सात किलोंची जागा शिल्लक होती. तसे सांगताच त्याने पाणी मागितले. अधिकाऱ्याने पहिल्यांदाच घाई केली नाही. जो गावी पोहोचणारच नाही, त्याच्याकडे पार्सल कोण देईल?

"तो त्या म्हातारीला सांगणार होता," फोरमन शेवटी म्हणाला.

म्हातारी त्यांच्याच गावची. मी रुजू होण्याआधी तिचा मुलगा, कंपनीतला फिटर, टाकीवरून पडून मेला होता. सुरक्षा पट्ट्याविना त्याला वर चढवले फोरमनने. घरी मात्र कळवले की तो ऐकत नव्हता, स्वतःच चढला. ड्रायव्हरने सारे पाहिले होते.

मग खोलीतला एक जण बोलला. फोरमनला ड्रायव्हरच्या मागोमाग पाइपांकडे जाताना त्याने पाहिले होते.

"मग अण्णाचं नाव का घेतलंत?"

"फोरमन आपला माणूस, साहेब. गावात तोंड दाखवायचंय."

"आणि मेला तो कोणाचा माणूस होता?"



खोटा साक्षीदार बहुतेक वेळा गुन्हेगार नसतो, हे मी या प्रकरणात शिकलो. तो कोणाचा तरी शेजारी, भाऊबंद असतो, आणि आपण नाते निभावतो आहोत असेच त्याला वाटते. त्या निभावण्यात एक निरपराध माणूस मेला असता, तरी हे लोक जेवून कामावर गेले असते. फोरमनला निदान पाणी प्यावेसे वाटले.

पुढे मी सुट्टीवर निघालो. म्हातारीला भेटून खरे सांगणार, हे खोलीत जाऊन सगळ्यांना सांगितले आणि बॅग उघडी ठेवून तिथेच बसलो. एकानेही पार्सल दिले नाही.

सुटून आलेला वेल्डर तेवढा उठला. पोलिसांकडून परत मिळालेली बाहुली त्याने पुढे केली. "वजन ज्यादा तो नहीं होगा, साब?"

"नाही रे," मी म्हणालो. "बॅग रिकामीच आहे."