शिक्षणाचा रकाना

प्रति, कार्यवाह, ग्रंथपाल अधिवेशन. अर्जदार : दत्ताराम गोविंद शिगवण, व्यवसाय अर्जलेखन, भाईंदर. शिक्षण : (तूर्त रिकामे). जिच्याविरुद्ध तक्रार ती व्यक्ती : कै. कुंदाताई पाटील, ग्रंथपाल, मुर्धा. साक्षीदार : एकच, त्याही कुंदाताईच.

परत आलेले पुस्तक कुंदाताई आधी हुंगत आणि मग रजिस्टर उघडत. “ह्याला सुकटीचा वास हाय. चुलीपाशी वाचलाय,” असे म्हणत, आणि समोरची बाई पदराआड हसे. माझे पुस्तक हुंगून एकदा म्हणाल्या, “शिगवणभाऊ, ह्याला निसता शाईचा वास. घरात जेवन शिजतं का न्हाय?” सगळे वाचनालय हसले. मी हसलो नाही. कचेरीसमोर बावीस वर्षे टेबल मांडून बसलेला मनुष्य मी. माझा अर्ज वाचताना साहेबलोक चष्मा पुसून घेतात. पण गावात अक्षराचा मान कोणाला? पुस्तकावर शिक्का मारणाऱ्या बाईला. हे मला सलत असे, आणि ते मी लपवीत नाही.

गेल्या वर्षी घोडबंदरला आपले अधिवेशन भरले. भाषणाचे निमंत्रण त्यांना आले. त्या तडक माझ्या टेबलापाशी आल्या. “भाऊ, मना चार शब्द लिहून द्या.” मी चार पाने दिली. ‘सविनय सादर करण्यात येते की’ हा आरंभ. त्याहून भारदस्त आरंभ मला आजही सुचत नाही.

सोबत म्हणून मलाही नेले. दारात त्यांच्या गळ्यात ‘वक्त्या’ असे कार्ड पडले. नोंदणीच्या टेबलावरचे गृहस्थ मला म्हणाले, “अंकल, ड्रायव्हर लोगों का खाना पीछे है.”

“ड्रायव्हर न्हाय ते!” कुंदाताई कडाडल्या. “आमचे लिहिनारे हायेत.”

गृहस्थांनी कोऱ्या कार्डावर ‘सोबती’ असे लिहून दिले. मी ते खिशात घातले.

व्यासपीठावर त्यांनी माझी पाने पर्समधून काढलीच नाहीत. नुसत्या बोलू लागल्या. “आमच्याकडं एक वाचक हाय. दर शनिवारी येतो, कोशातला एक शब्द वहीत उतरवून नेतो, आनि सोमवारी कुना गरिबाच्या अर्जात घालतो. तो कोश मी कुनाला घरी नेऊ देत न्हाय. आमच्या अर्ध्या गावाचे नळ त्या कोशातून आलेत.”

सभागृह उठून उभे राहिले. टाळ्या माझ्या शनिवारांना आणि शाल त्यांच्या खांद्यावर! शेजारचे गृहस्थ मला विचारू लागले, “कोण हो हा वाचक?” मी खिशातले ‘सोबती’चे कार्ड चाचपले.

परतीच्या बसमध्ये मी विचारले, “माझे नाव का घेतले नाही?”

त्यांनी शालीची घडी घातली. मग हळूच म्हणाल्या, “नाव घेतला असता, तर कुनीतरी विचारला असता, भाऊ कितवी शिकलेत. मग तुमी काय सांगितला असता? सभासदाच्या फॉर्मात तेवढाच रकाना रिकामा ठेवलाव तुमी. मना ठाऊक हाय.”

बेव्हर्ली पार्कच्या थांब्यापर्यंत मी खिडकीबाहेर पाहत होतो. त्यांनी माझी लाज राखली होती, आणि त्याबद्दलही मला त्यांचा राग आला.

यंदा कुंदाताई गेल्या. पुढच्या शनिवारी नव्या बाईंनी कोश माझ्यापुढे ठेवला. कोणी पाहत नाही असे बघून मी तो हुंगला. सुकट नाही, फोडणी नाही, उदबत्ती नाही. इतक्या वर्षांत नुसता शाईचा वास.

सबब विनंती की, आपल्या स्मरणिकेत त्यांच्या भाषणात ‘एक वाचक’ असे छापले आहे, तेथे अर्जदाराचे नाव घालावे. आणि वर रिकामा ठेवलेला रकाना असा भरून घ्यावा : सातवी पास, आठवी नापास. लेखी उत्तर मिळावे. कुंदाताईंचे आता मिळणार नाही, म्हणून आपल्याकडे मागत आहे.