बर्फावर पाय रोवून

मस्कतच्या विमानतळावर काउंटरवरच्या माणसाने माझ्या मुलीची ती अजस्र काळी बॅग वजनावर चढवली आणि विचारलं, "सिस्टर, इसमें क्या है? गद्दा?" ऋचा हसली. मला काही हसू आलं नाही. बॅगेत आइस हॉकीच्या गोलकीपरचे पॅड होते, म्हणजे तसं बघायला गेलं तर गद्देच, आणि ते घेऊन माझी एकुलती एक मुलगी अमेरिकेतल्या कॉलेजात चालली होती. आत शिरताना तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मी लग्न होऊन मुंबईहून निघाले, तेव्हा वळून वळून माझी मान अवघडली होती. माझ्या बॅगेत प्रेशर कुकर होता, भाजणीचं पीठ होतं आणि आईने लग्नात दिलेले अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण होते. बाबा म्हणाले, "जाशील तिथे पाय रोवून उभी राहा. पण आपलं घर डोंबिवलीत आहे, हे विसरू नकोस." या दोन आज्ञा एकाच वेळी पाळायच्या कशा, ते काही त्यांनी सांगितलं नाही. बाबा गेले, आणि तो घोळ मी अजून निस्तरते आहे.

दादा, वहिनी, तुम्ही फोनवर दर वेळी विचारता की वाळवंटात राहून ही पोर बर्फावरचा खेळ शिकली कशी. आणि आपल्यातले जे ह्यूस्टनला, सिडनीला जाऊन बसले आहेत, ते तर सरळ विचारतात, "मस्कतला बर्फ?" अहो, आहे. बाहेर गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला की चटका बसतो आणि आत बर्फाच्या रिंकवर मुलं लोकरीच्या टोप्या घालून फिरतात. ऋचा तिथे एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला म्हणून गेली आणि तिथलीच झाली. परदेशी मुलांच्या टीमला गोलकीपर मिळत नव्हता, कारण रबराची ती काळी चकती अंगावर झेलायला कोणी तयार होत नव्हतं. आमची ही तयार झाली. दर शुक्रवारी मी भर उन्हात गाडीत स्वेटर घेऊन जायची आणि काचेच्या अलीकडे कुडकुडत बसायची. वैताग यायचा, पण तिच्या तोंडावरचा तो आनंद बघून गप्प बसायची.

आमचं वादी अदाईतलं घर तुम्ही पाहिलेलं आहे. भाड्याचं. भिंतीला खिळा मारायचा तर घरमालकाला विचारायला लागतं, म्हणून मी कधी खिळाच मारला नाही. देवही स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या एका फळीवर, मसाल्यांच्या डब्यांच्या वरच्या अंगाला. तात्पुरते. सागवानी देव्हारा डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलाय, "घरी परत गेल्यावर" लागेल म्हणून. सोफ्यावरही प्लॅस्टिक आहे. दर मे महिन्यात आम्ही त्या प्लॅस्टिकवर बसतो, घाम पुसतो, ऋचाला सांगतो की हे आपलं घर, आणि परत विमानात बसतो. तिच्या उन्हाळ्याच्या सुट्टीचा अर्धा भाग झुरळं मारण्यात जायचा.

तर कॉलेजात ती टीममध्ये आली, पण दुसरी गोलकीपर म्हणून. पहिली केटी नावाची मुलगी, उंच, बर्फातच जन्मलेली. दोन वर्षं ऋचाने सराव केला तो केटीइतकाच, सामने मात्र खेळली मोजके, तेही फालतू. आणि या वर्षी यांची टीम कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेला पोहोचली. मला जायचं होतं. नवऱ्याच्या, मिलिंदच्या ऑफिसात तेव्हा ऑडिट; त्याचा अर्बाब, म्हणजे मालक, भला माणूस, रजेचं विचारल्यावर "इन्शाल्ला" म्हणाला, आणि ऑडिट काही संपलं नाही. एकटीने जाईन म्हटलं, तर व्हिसाच्या मुलाखतीची तारीख आली ती स्पर्धा संपल्यानंतरची. इतकी चिडले होते की त्या दिवशी कुकरची शिटी सुद्धा मला मुद्दाम वाजतेय असं वाटलं.

डोंबिवलीहून आईचा फोन आला. "देव पाण्यात ठेव," ती म्हणाली. माझ्या दहावीच्या निकालाला तिने ठेवले होते, बाबांच्या ऑपरेशनला ठेवले होते. मी लगेच अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण स्टीलच्या पातेल्यात पाण्यात ठेवले आणि म्हटलं, माझ्या पोरीला एकदा तरी खेळायला मिळू दे. मिलिंद चहा पीत होता. म्हणाला, "गोलकीपर एकच खेळते ना गं? मग केटीचं काय व्हावं म्हणतेस?" मी त्याला ऑडिटला जायला सांगितलं.

उपांत्य सामना बाकावर बसण्यात गेला. अंतिम सामना तिकडे सकाळी, म्हणजे आमच्याकडे संध्याकाळी होता, आणि मी इथल्या अख्ख्या मराठी मंडळाला घरी बोलावलं. हा माझा मूर्खपणा. पण आपल्याकडे कोणाची मुलगी राष्ट्रीय स्पर्धेत असेल तर बोलावणार नाही तर काय करणार? बटाटेवडे तळले, लॅपटॉप टीव्हीला जोडला. समोरच्या हमीदाभाभी आल्या, त्या रत्नागिरीकडच्या, त्यांच्या नवऱ्याचं खाली किराणाचं दुकान आहे. आईला मी फोनवर घेतलं. सामना सुरू झाला आणि केटी गोलमध्ये उभी राहिली.

"गो, आपली ऋचा खंय हाय?" हमीदाभाभींनी विचारलं.

मी बाकाच्या टोकाकडे बोट दाखवलं. अंगावर सगळे पॅड, डोक्यावर टोपी. खेळाडू बदलायची वेळ आली की ती बाकापुढच्या कठड्याचं छोटं दार उघडायची, एक मुलगी धापा टाकत आत यायची, दुसरी बाहेर जायची, की ही दार लावायची. सामनाभर तेच. मंडळाचे देशपांडे म्हणाले, "वहिनी, ही बारावी खेळाडू का?" त्यांच्या वड्याच्या बशीत मी चटणी जरा जोरातच टाकली. इतकी फी, इतका बर्फ, इतके शुक्रवार, आणि माझी मुलगी सात समुद्र ओलांडून दार उघडायला गेली होती!

शेवटच्या टप्प्यात केटीवर दोघी जणी येऊन आदळल्या. ती गुडघा धरून आडवी झाली. ऋचाने टोपी काढून हेल्मेट घातलं. आणि आमच्या खोलीत टाळ्या झाल्या. खरोखर झाल्या, शिट्टीसुद्धा वाजली. त्या गोंगाटात हमीदाभाभी एकट्या म्हणाल्या, "या अल्ला, कुणाची तरी पोर पडली गो." टाळ्या थांबल्या. मी पातेल्याकडे बघायचं टाळलं.

केटी उठली. पाय झटकला, आणि परत उभी राहिली. ऋचाने हेल्मेट काढलं, टोपी घातली आणि दाराची कडी धरली. सामना एका गोलने जिंकला. बाकावरून सगळ्यांच्या आधी तीच बर्फावर धावली आणि केटीच्या गळ्यात पडली. खोलीत लोकांना टाळ्या वाजवाव्यात की मला धीर द्यावा, ते कळेना. मला दोन्ही नको होतं. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि कोणावर काढावा ते सापडत नव्हतं.

मग पदकं द्यायला सुरुवात झाली. तिथला निवेदक एकेका मुलीचं नाव घेई आणि तिचं गाव सांगे. त्या स्पर्धेत माझ्या मुलीचं नाव माइकवर आलं ते तेवढंच. आडनावाचा चुथडा करून तो म्हणाला, "ऋचा, मस्कत, ओमान."

खोलीतल्या लोकांनी तोवर दाबून धरलेला आवाज एकदम सोडला. देशपांडे उभे राहिले. हमीदाभाभींनी माझा दंड असा दाबला की दुखला. फोनमधून आईचा आवाज आला, "मस्कत काय? डोंबिवली का नाही सांगितलं?"

नंतर ऋचाचा फोन आला तेव्हा मी तेच विचारलं. खेळू दिलं नाही म्हणून तिला वाईट वाटलंय का, हे विचारायचं राहून गेलं. ती तिच्या अडखळत्या मराठीत म्हणाली, "फॉर्मवर होमटाउन विचारला होता, आई. डोंबिवलीला आपण... व्हेकेशनला जातो ना? घर तर मस्कत आहे." मग म्हणाली, "आणि तू सॅड नको होऊ. मी रेडी होते. ते पण काम आहे."

रेडी होते. मी वादी अदाईत इतकी वर्षं तेवढंच तर केलंय. सगळे पॅड बांधून, खिळा न मारता, परत जायला तयार. फरक इतकाच की ती बाकावर बसूनही टीममध्ये होती आणि मी बाकावर बसून दुसऱ्याच मैदानाकडे बघत होते. आणि आता कळतंय तेव्हा काय, तर मिलिंदची नोकरी संपली की इथला व्हिसा संपणार. माझी मुलगी ज्याला घर म्हणाली, त्याची किल्ली एक दिवस घरमालकाच्या हातात द्यायची आहे. सांग दादा, चिडू नको तर काय करू?

लोक गेल्यावर मी देव पाण्यातून काढले, फडक्याने कोरडे केले. बाळकृष्णाला म्हटलं, केटीचं ते मनावर घेऊ नकोस. तरी ते परत मसाल्यांवर ठेवायला हात होईना.

सकाळी घरमालकाला फोन केला. तो म्हणाला, "भिंत तुमचीच समजा, सिस्टर. मारा खिळा." एवढंच होतं तर. तेव्हा दादा, या वेळी कोणी इकडे येत असेल तर डोंबिवलीच्या फ्लॅटमधला देव्हारा प्लॅस्टिक काढून पाठव. सोफा राहू दे.