पेर मोडणारे मामा

ज्वारीचं धाट सांध्याच्या बोटभर वर धरायचं आणि कटकन मोडायचं. “पेर शेंड्याकडून वाढत न्हाई, पोरी. खालून, सांध्याजवळून वाढतंय. जिथं कवळं, तिथंच मोडतंय.” ही मामांची पहिली शिकवणी. दुसरी म्हणजे शिवी.

जालन्याच्या एका बियाणे कंपनीत मी नवी डिप्लोमावाली, मामा जुने. बीजोत्पादनाच्या शेतांत भेसळ काढणं हे त्यांचं काम. दोन सांध्यांमधलं पेर त्या जातीच्या मापापेक्षा लांब दिसलं की ते झाड परकं. फुलोऱ्याआधी मुळासकट काढलं नाही, तर तपासणीत सगळा प्लॉट नापास. मामा झाड नुसतं उपटत नसत, त्याच्यावर तुटून पडत आणि बुंधा टाचेनं ठेचत. एका मजुरानं कंटाळून धाट नुसतंच वाकवलं, तर त्याच धाटानं मामांनी त्याची पाठ सोलून काढली. संध्याकाळी त्याच पाठीला तेल चोळत बसले, शिव्या चालूच. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांचा राग करावा की त्यांना जीव लावावा, कळत नाही. मी दोन्ही केलं.

बदनापूरकडं एका विधवा बाईंचा एकरभर प्लॉट होता. घरात वर्षाचं पीक तेवढंच. आठवड्यापूर्वी बांधाजवळ पाइप फुटला आणि तिथल्या झाडांची वरची पेरं पाणी पिऊन लांबली. बाईंनी हे मला सकाळीच सांगितलं होतं. पण मी उशिरा आले म्हणून मामांनी चारचौघांत माझी सालटी काढली होती. मी फुगले. म्हटलं, एवढे शहाणे आहेत तर बघतील स्वतःच.

मामांनी बघितलं नाही. अर्ध्या तासात तो अख्खा पट्टा आडवा केला. बाई ऊर बडवत धावल्या, “अहो, पाणी फुटल्तं हितं! जातीचीच झाडं व्हती ती!”

मामांनी पडलेलं एक धाट उचललं, खालची पेरं बोटांनी मोजली. ती आखूडच होती, पाण्याआधी वाढलेली. म्हणजे झाडं परकी नव्हतीच.

तेवढ्यात बाईंचा दीर काठी घेऊन आला. पहिला तडाखा खांद्यावर, दुसरा मनगटावर. हाड मोडल्याचं मी ऐकलं. मामांनी हात उचलला नाही. “मार. बराबर हाय,” एवढंच म्हणाले. तिसरा डोक्यात बसला, तेव्हा कुठं मी ‘थांबा’ म्हणून ओरडले.

दवाखान्यात त्यांनी विचारलं, “पाण्याचं तुला ठावं व्हतं का गं?”

“नाही, मामा.”

“मंग ठीक हाय. म्हाईत असतं तर तू बोलली असतीस.”

बाईंनीही माझं नाव घेतलं नाही. का, ते विचारायची मला आजवर हिंमत झालेली नाही.

मामा पुन्हा शेतावर आले नाहीत. खरं सांगायचं ठरवून मी दोनदा त्यांच्या घरी गेले. दोन्ही वेळा ते सुनेला म्हणाले, “चहा टाक, आपली पोरगी आलीय.” मी चहा पिऊन परतले. तिसऱ्यांदा गेले, तेव्हा अंगणात माणसं जमली होती.