पहिल्याच निवडीत मी धोंडिबाला उचललं

मंडळी, आज सकाळी लोणावळ्यात इंजिन शेडमागच्या मैदानावर बास्केटबॉलची निवड होती. मी आणि दुसऱ्या संघाचे सदूभाऊ आळीपाळीने एकेक गडी उचलणार होतो. पहिला मान मला मिळाला.

मी बेडशाच्या धोंडिबाला उचललं. उडी न मारता त्याचा हात टोपलीला लागतो. सदूभाऊंचं तोंड उतरलं.

लगेच सराव सामना झाला. सदूभाऊ म्हणाले, "धोंडिबा, दे इकडं." त्याने चेंडू देऊन टाकला.

"अरे, त्यांना कशाला दिलास?"

"भाऊ, मोठ्या मानसानं मागितल्यावर न्हाई कसं म्हनायचं?"

मी बजावलं, "आता कुणालाच द्यायचा नाही." मग त्याने आम्हालाही दिला नाही. शिट्टी होईपर्यंत चेंडू पोटाशी धरून उभा राहिला.

रविवारी खरा सामना आहे. त्याला नेमकं काय सांगू?