गोकुळाबाईच्या जाळ्यातली मुक्कामी गाडी

अहेरीच्या बाजारात बातमी पसरली ती अशी, की गोकुळाबाईने जाळं टाकून सरकारी बस पकडली. कुणी म्हणे, बस तलावात उतरली होती. कुणी म्हणे, आत साहेब होता, तोही जाळ्यात गुरफटला. एवढं ऐकून आलेल्या माणसाला आधी चहा पाजून खाली बसवावं लागतं. बस तलावात गेली नव्हती. जाळं मात्र खरंच होतं, आणि गोकुळाबाईचंच होतं.

गोकुळाबाई म्हणजे जिभेने तिखट आणि प्रत्येक गोष्टीत ‘काऊन’, म्हणजे ‘का’, विचारायची खोड असलेली बाई. नवऱ्याने तलावात धरलेले झिंगे टोपलीत घालून ती मुक्कामी गाडीने अहेरीला विकायला नेते. ही गाडी संध्याकाळी येते, रात्री गावातच राहते, पहाटे निघते. गाडी म्हातारी. चावी फिरवली की नुसती खोकते. म्हणून ड्रायव्हर धनराजभाऊ तिला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उताराला तोंड करून उभी करायचा. पहाटे गाव जमायचं, धक्का मारायचं, गाडी घरंगळता घरंगळता सुरू व्हायची आणि मग सगळे तिच्यामागे धावत जाऊन चढायचे. नवी सून गावात आली की तिला देऊळ, विहीर आणि धक्का मारायची जागा, तिन्ही एकाच फेरीत दाखवत.

एकदा गोकुळाबाईने धनराजभाऊला गाठलं. “काऊन भाऊ, बाकी गावाले नव्या गाड्या भेटून राह्यल्या. आमच्याच नशिबी हे बुढी काऊन?”

“तिकडच्या गाड्या बंद पडतात बाई. लोक बोंबलतात. आपली रोज टायमात पोचते. मी डेपोत सांगतो, तं म्हणतात, पोचते ना?”

“म्हणजे आमी ढकलतो म्हणून नवी येत नाई?”

धनराजभाऊने तंबाखू मळायची थांबवली. असा विचार त्याने कधी केलाच नव्हता. गोकुळाबाईच्या डोक्यातून मात्र तो जाईना.

पुढे एका बाजाराच्या आदल्या संध्याकाळी डेपोचे एक साहेब गाडीतून उतरले. ही फेरी ठेवायची की बंद करायची, ते बघायला आले होते; ते येणार हे धनराजभाऊने गावात आधीच सांगून ठेवलं होतं. धनराजभाऊ सवयीने पाळीकडे वळला, तर उतारभर गोकुळाबाईचं जाळं वाळत पडलेलं. गाडी ग्रामपंचायतीसमोरच्या सपाट जागेत उभी राहिली.

पहाटे चावी फिरली, गाडी खोकली. लोक सवयीने मागे जमले. गोकुळाबाईने गाडीमागेच टोपली टेकवली आणि बसकण मारली. “आज कोणी हात लावाचा नाई.”

“आजच काऊन वं?” शेजारचा मुखरू कुजबुजला. “साहेब फेरीच बंद करून टाकल. मंग तुये झिंगे तूच खात बस.”

“खाईन. पण त्याले दिसू दे.”

बोलून तर गेली. ऊन चढायला लागलं. झिंग्यांवरचं फडकं ती पुन्हा पुन्हा भिजवत होती. वास बदललेला तिच्या नाकाला सगळ्यांच्या आधी कळला. मुखरूकडे तिने पाहिलंच नाही. फेरी गेली तर गावाला तोंड कसं दाखवायचं, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

शेवटी साहेबांनी विचारलं, “रोज कशी निघते ही?”

मग मुखरूच्याच तोंडून निसटलं, “धक्क्यानं, जी.”

साहेबांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग इस्त्रीची पँट दुमडली आणि गाडीला खांदा लावला. ते वाकलेले पाहिल्यावरच गोकुळाबाई उठली. “आता मारा रे.” सपाटीवर सगळ्यांचा घामटा निघाला, तेव्हा कुठे गाडी धडधडली.

साहेब गोकुळाबाईशेजारीच येऊन बसले. जागा दुसरीही होती, पण इतका दम लागलेला असताना वास कोण बघतो?

“फेरी बंद होणार नाही, तसं मी सांगतो,” साहेब म्हणाले. “पण नवी गाडी मागितली की वरचे विचारतील, तोट्यातल्या फेरीवर खर्च कशाला? काय सांगू त्यांना?”

गोकुळाबाई खराब झालेले झिंगे बाजूला काढत होती. ती म्हणाली, “शाळा अन् दवाखान्यावर खर्च करून राह्यले ना साहेब, तिथून किती नफा भेटते? अन् आमी तिथवर जावाचं कशानं, थे बी विचारा त्यायले.”