रंगूबाईनं खारोबाला मारलं

अंजूरच्या रंगूबाईनं जन्मात कुणावर हात उगारला नाही. कोंबडीसुद्धा ती शेजारच्या मैनाकडून कापून घ्यायची आणि तेवढा वेळ ओसरीवर पाठ करून बसायची. पण पंच्याहत्तर सालच्या वैशाखात तिनं एक देव मारला, आणि तोही ऐन कामाच्या दिवसांत.

देव तिचाच होता म्हणा. शेलार गावाहून लग्न होऊन ती अंजूरला आली, तेव्हा खाडीचा बांध ही काय भानगड असते ते तिला ठाऊक नव्हतं. इथं बांधाच्या अलीकडे भात आणि पलीकडे खारं पाणी. दर वैशाखात सगळा गाव रांगेनं उभा राहून चिखलाच्या पाट्या हातोहात पुढं सरकवायचा आणि पावसाआधी बांध लिंपून घ्यायचा. सकाळच्या ओहोटीला काम सुरू, पाणी चढायला लागलं की बंद. पाटी घे, पाटी दे. दुसऱ्या वर्षी रंगूबाईला त्याचा एवढा कंटाळा आला की तिनं शेजारणीला एक गोष्ट सांगायला घेतली.

त्या गोष्टीतल्या मुलखात सूर्य अजून उगवलाच नव्हता. देव माशांच्या खवल्यांच्या उजेडात लढायचे. एका बाजूला खारोबा, त्याचं सैन्य म्हणजे बैलगाडीएवढाल्या चिंबोऱ्या, खाडीतले खेकडे. दुसऱ्या बाजूला गोडाई, तिच्या केसांतून नद्या वाहायच्या आणि तिचे बेडूक कमळाच्या पानांच्या ढाली घेऊन निघायचे. भांडण कशावरून, तर जमीन कुणाची. एकदा खारोबानं गोडाईची वेणी कापली, तर बारा नद्या आटल्या. एकदा गोडाईनं त्याचा वाडा विरघळवला. एक पडला की दुसरा हसायचा, मग पडलेला उठायचा. कुणी मरायचं मात्र नाही. असा कुणी नेम केला नव्हता, पण बारा वर्षं तसंच चाललं होतं, आणि ऐकण्याच्या नादात बांध आपोआप वर चढत होता.

शेतवाल्या बायका गोडाईच्या बाजूनं. मिठागरावरच्या बायका खारोबाच्या. त्यांची पुढारीण ठकुबाई. तळहाताला भेगा, जिभेला धार. मिठागरवाल्यांना शेत नव्हतं, बांध फुटला काय नि राहिला काय, त्यांचं काही जात नव्हतं. तरी त्या आपल्या कामाआधी सकाळी बांधावर यायच्या, कारण लढाई त्यांचीही होती.

पंच्याहत्तर साली रांगेत बाप्ये जवळजवळ नव्हतेच. बहुतेक सगळे भिवंडीला यंत्रमागावर, लूमवर; रंगूबाईचा नवरा रघूही. रात्रीची शिफ्ट करून आला की मेल्यासारखा झोपायचा. उरल्या पंधरा बायका, त्यातल्या आठ मिठागरावरच्या. आणि उघाडीपाशी, पाणी सोडायच्या दाराला लागूनच, बांध आठ हात खचलेला. त्याच्यामागे पहिलं शेत रंगूबाईचं. तीन वर्षांपूर्वी तिथंच बांध फुटून, खांड पडून खारं पाणी आत शिरलं होतं. तीन वर्षं त्या शेतानं भाताचा दाणा दिला नव्हता. तीन पावसाळ्यांनी माती धुऊन काढली तेव्हा कुठं यंदा आशा होती. रविवारी पुनव, पुनवेला उधाण. त्याआधी खचका भरला नाही तर पुन्हा तीन वर्षं.

गुरुवारी सकाळी कामाला येताना रंगूबाई शेतातून आली. कोपऱ्यात अजून मिठाचा पांढरा पापुद्रा दिसला. ती वाकली आणि नखानं तो खरवडला. मग रांगेत उभी राहून तिनं गोष्ट सुरू केली आणि पाचव्या पाटीला गोडाईच्या हातून खारोबाचं मुंडकं उडवलं. शेतवाल्या बायका हसल्या. मिठागरवाल्यांनी पाट्या खाली ठेवल्या, रांग तिथंच मोडली.

शुक्रवारी बांधावर चारच बायका.

"बाकीच्या कुठं गेल्या?" रंगूबाईनं विचारलं.

मैना म्हणाली, "तिघी म्हनतात, कहानी संपली, आता ऐकायचं काय? आनि मिठागरवाल्या येनार न्हायत."

"मग तो मेलाच न्हाय, असं सांगते मी."

"गो बाय, काल मुंडकं गोडाईच्या पायाशी ठेवलंस तू. सगल्यांनी ऐकलंय. आता ते कसं जोडतेस?"

चौघींनी मिळून हातभर भरलं. सात हात उरला.

पाणी चढून काम थांबल्यावर रंगूबाई मिठागरावर गेली. ठकुबाई फावड्यानं मीठ ओढत होती. तिनं मान वर केली नाही.

"उद्या येशील ना?"

"सुतक हाय आमाला."

"कुनाचं?"

"आमचा देव मेला. दहा दिवस मातीला हात लावायचा न्हाय."

रंगूबाईला हसू आलं, पण ठकुबाई हसत नव्हती. "ठके, परवा पुनव हाय."

"मारताना पंचांग बघितलं न्हाय तू?" ठकुबाईनं फावडं टेकवलं. "बारा वरसं तुझी माती वाहिली. मीठ एवढं वाईट, तर कालवनात काय घालतेस?"

रंगूबाई मिठाच्या ढिगाकडं बघत राहिली. हे सगळं ठकुबाईच्या हातचं, आणि याच्यावर हिची चूल. आपल्या शेतात जो पापुद्रा दिसला की आपण नखानं खरवडून काढतो, तोच इथं ढीग करून ठेवायचा. दोघींचं पाणी एकच, खाडीचं.

"तीन वरसं विकतचा तांदूल खाल्ला गो," ती म्हणाली. "राग त्याच्यावर काढला. चुकलं माझं."

"मग उठव त्याला."

"मी मारलाय. माझ्यानं उठवला तर कुनी मानायचं न्हाय. तुझा देव, तूच उठव."

"मला कुठं तुझ्यासारकं बोलता येतं?"

"रोज भांडतेस तसं बोल."

शनिवारी उजाडताना ठकुबाई सात जणींना घेऊन आली. ते ऐकून शेतवाल्या तिघीही परतल्या. रांग लागली तशी ठकुबाईनं गोष्ट हाती घेतली. ती सांगायची ओबडधोबड, नको तिथं थांबायची. पण म्हणाली, मीठ कधी मरतं का? मुंडकं गोडाईच्या ओल्या पायाशी होतं, ते विरघळलं, तिच्यातच गेलं. दुसऱ्या दिवशी गोडाईनं ओठ चाटले तर खारट. तिच्या नद्या खारट, तिच्या बेडकांना ढेकर खारट. त्यात वैरीच उरला नाही म्हणून तिचं सैन्य घरी निघून गेलेलं. आता त्याला अंगातून बाहेर काढायचं तर पाणी आटायला हवं, आणि पाणी आटायला ऊन हवं. ऊन तर त्या मुलखात नव्हतंच. तेव्हा गोडाईनं आपल्या बारा नद्या गहाण टाकून पहिला सूर्य आणवला, आपल्या वैऱ्याला वाळवायला.

बारा वर्षांत रंगूबाईला हे सुचलं नव्हतं. ती पाटी हातात धरून उभीच राहिली.

"रंगे, पुढं दे ना," ठकुबाई ओरडली. "तुझ्यापायी रांग थांबली."

संध्याकाळच्या ओहोटीलाही सगळ्या आल्या. दिवस बुडताना खचका भरला.

रविवारी दुपारी उधाण चढलं. पाणी बांधाच्या माथ्याखाली चार बोटांवर आलं. नव्या लिंपणात एका जागी ओल दिसायला लागली, तशी दोघी तिथं धावल्या. ठकुबाईनं चिखल टाकला, रंगूबाईनं टाचेनं दाबला, पुन्हा टाकला, पुन्हा दाबला. शेतात थेंब आला नाही. पाणी मागं सरायला लागलं, तरी घरी जायचं कुणी नाव काढीना. दोघी बांधावर बसून राहिल्या, एकीचे पाय खाडीकडे सोडलेले, एकीचे शेताकडे.