समोरच्या दुकानात विचारून या

गिऱ्हाईक दारात आले की दुकानदार त्याला बसायला सांगतो. बोरीचे आप्पा त्याला रस्ता दाखवत. "आदी समोर इचारून या. तितं बरं वाटलं तर तितूनच घ्या," हे त्यांचे ठरलेले वाक्य. समोर चाचांचे दुकान होते. तिथेही तेच तेल, तीच साखर, त्याच डाळी. चाचा मात्र कुणालाही आप्पांकडे पाठवत नसत. "ये आप्पा दीवाना है," म्हणत आणि आलेल्या गिऱ्हाइकाला चहा पाजून बांधून ठेवत.

मी तेव्हा तालुक्याच्या कचेरीत पुरवठा निरीक्षक होतो. नोकरी नवी आणि अंगात सरकार भिनलेले. व्यापारी तेवढा चोर, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. त्या काळी किराणा विकायला परवाना लागे आणि दुकानाबाहेर काळ्या पाटीवर रोजचा साठा आणि भाव खडूने लिहावा लागे. त्या पाट्या तपासत मी गावोगाव एसटीने हिंडायचो. पहिल्यांदा बोरीला गेलो तेव्हा आप्पा, कपाळावर भस्माचे पट्टे, गल्ल्यामागे बसलेले. मलाही म्हणाले, "साहेब, आदी समोरची पाटी बगून या." मला ती चलाखी वाटली. मी मुद्दाम त्यांचाच तराजू दोनदा तपासला. काटा सरळ होता.

"तुम्ही सचोटीचे आहात आप्पा, पण सगळे नसतात. म्हणून सरकार लागतं," मी मोठेपणाने म्हणालो. आप्पा हसले. "मी कशाचा सचोटीचा? समोर दुकान हाय म्हनून सरळ हाय. चाचा उटून गेला तर वरीसभरात माजा काटा कलंडतो का न्हाई बगा." मला तो विनय वाटला. माणूस स्वतःबद्दल खरे बोलू शकतो हे त्या वयात कळत नाही.

त्यांची थोडी काळी जमीन होती, तिच्यात कापूस. कापूस तेव्हा सरकारलाच घालायचा, दुसऱ्या कुणाला विकायचा नाही, असा कायदा. आप्पा खरेदी केंद्राच्या रांगेत बैलगाडीखाली दोन-दोन दिवस काढत, केंद्रावरचा माणूस सांगेल ती प्रत ऐकून घेत आणि परत आले की भांडण माझ्याशी, जणू कायदा मीच केला होता. "भाव कमी द्या, मी कुरकुरनार न्हाई. पन 'न्हाई देत जा' म्हनायला मला जागा ठिवा. एकलंच गिऱ्हाईक आसलं तर ते गिऱ्हाईक न्हवं साहेब, त्यो मालक."

"व्यापारी तुम्हाला बुडवतील त्याचं काय?"

"एकानं बुडवलं तर दुसऱ्याकडं जाईन. सरकारनं बुडवलं तर कुटं जाऊ, सांगा."

यावर मी दुष्काळ काढायचो. त्या साली रेशनचा गहू नसता तर गावाने काय खाल्ले असते? मग आप्पा आतून चहा मागवत. त्यांचे सगळे मला तेव्हा पटले नाही, आजही पटत नाही. पण बोरीची फेरी मी कधी चुकवली नाही.

एका सकाळी मी बोरीत उतरलो, तर चाचांचे दुकान उघडे आणि बाहेरची पाटी कोरी. सरळसरळ नियमभंग. चाचा काहीतरी सांगू लागले, पण मला परतीची गाडी धरायची होती. मी अहवाल केला आणि आप्पांकडे न जाताच निघालो. पुढे चाचांचा परवाना निलंबित झाला, दुकानाला कुलूप लागले. आप्पांचे नशीब फळफळले, असे गाव म्हणू लागले.

चौथ्या दिवशी आप्पा कचेरीत हजर. काखेत स्वतःची पाटी.

"लिहा साहेब. त्या दिशी माजी पाटीबी कोरीच व्हती. गावात मयत झाली व्हती. मयताचं सामान द्यायला दुकान उगडं ठिवतो, पन त्याचा भाव घेत न्हाई. माती होईस्तोवर पाटीवर भाव लिहीतबी न्हाई. आमी दोगंबी. बापापासून चालत आलंय."

"अहो, पण तुमचं दुकान चालू आहे. स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेता?"

आप्पा खाली बघून बोलले. "काल तूरडाळीचा भाव वाडवला मी. कारन काईच न्हवतं. कुनी एक सबुद बोललं न्हाई. बोलून जानार कुटं? साहेब, मला माजंच भ्या वाटायलंय."

मी लिहिले. नियमच तसा होता. आप्पांच्या दुकानालाही कुलूप लागले आणि सगळी बोरी तेल-साखरेसाठी जिंतूरच्या एसटीत लोंबकळू लागली. माझी मलाच लाज वाटली. शेवटी मी दुसरा अहवाल लिहिला: पाटी का कोरी आहे हे मी विचारलेच नव्हते. वरिष्ठांनी मला उभा-आडवा झापला, पण दोन्ही दुकाने एकाच सकाळी उघडली. त्या दिवशीचे पहिले गिऱ्हाईक आप्पांकडे आले. त्यांनी ते समोर पाठवले.

पुढे माझी पाथरीला बदली झाली. नियमही हळूहळू सैल होत गेले, पाट्यांची सक्ती कुणी करेना. आप्पा गेल्याचे मला महिन्याने कळले. भेटायला गेलो तर मुले परभणीला कायमची निघून गेलेली, दुकानाची फळी बंद.

मी चाचांकडे गेलो. फार थकले होते. काय बोलावे ते सुचेना, म्हणून पावशेर गूळ मागितला. त्यांनी ढेपेकडे हात नेला आणि मध्येच थांबवला.

"पहले सामने पूछ के आव, साब."

आम्ही दोघांनीही रस्त्यापलीकडे पाहिले. चाचांनी तराजू खाली ठेवला.

"अब किदर भेजूं मैं लोगां को?" ते म्हणाले.